वीण

मेडिकल चौक, मे महिना,
कूलरमधलं पाणी आटलेलं.
गोळीबार चौकाचे पराते
खर्रा सोडून अकरा दिवस झालेले,
कुपीत थुंकले, लाजत.

त्यातले जंतू मी दोन ताटल्यांत वाढवले.
एकीत नुसती साखर,
दुसरीत साखरेसोबत चिमूटभर आर्जिनिन.
मग जांभळा रंग ओतला, धुतला.
पहिली गडद.
दुसरी फिकट, मध्येच विरलेली.

"पाहू द्या जी,"
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून
बराच वेळ गप्प.
तीस वर्षं मागावर बसलेला माणूस.
"पयलं घट्ट विनलं हाये.
दुसऱ्यात बाना सुटला."

माझ्या वहीत तर नुसते आकडे.

जाताना जिभेनं हलता दात चाचपत म्हणाले,
"मंग हे तोंडातबी सुटन का?"

कूलर कोरडाच फिरत होता.
मी ताटली झाकली.