अकरा सेकंदं मागे

शहापूरच्या आमच्या पतसंस्थेत,
जिथं आधी पिग्मीवाल्यांच्या सायकली लावत,
तिथं आता माझं कपाट आहे. थंड, लोखंडी, गुणगुणणारं.
नऊ हजार खाती त्यात झोपतात.
गेल्या साली नाल्याचं पाणी उंबऱ्याला लागलं
तेव्हा चेअरमन हलगेकर खुर्चीवर पाय घेऊन म्हणाले,
"ह्याची एक नक्कल लांब कुठंतर ठेव की गं बाई."

लांब म्हणजे गोकाक शाखा.
तिथं इराण्णा कमतगी. त्याला मराठी समजतं, बोलायला लाजतो.
मी कानडी बोलते, लिहिताना अडते.
आमच्या यंत्रांचंही तसंच झालं.
पहिले दोन दिवस लॉगमध्ये एकच ओळ, चारशे वेळा:
ओळख पटत नाही.

चूक घड्याळाची निघाली.
गोकाकचं घड्याळ सहा तास मागं;
मी सकाळी बनवलेलं प्रमाणपत्र
त्याच्या लेखी अजून जन्मलंच नव्हतं.

मग ठसा ताडायला फोन.
मी वाचलं, सात, बी, शून्य, चार.
तो म्हणाला, एळु, बी, सोन्ने, नाल्कु.
चौसष्ट अक्षरं अशी गेली, अशी आली.
पाटीवरल्या अक्षरांसाठी दुकानाच्या काचा फुटलेल्या
मी ह्याच गल्लीत पाहिल्यात.
त्या दुपारी कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही.

पण ठसा वेगळा, गुपित वेगळं.
गुपित तारेवरून जायचं नाही,
तार बंदिस्त व्हायच्या आधी तर नाहीच.
त्याला माणूस लागतो.
निम्मं मी पाठ केलं, निम्मं पाकिटात लाख लावून
अंकलगीच्या बसमध्ये मांडीवर धरून बसले.
शेजारची बाई म्हणाली, "लग्नपत्रिका काय हो?"
"होय," म्हटलं. "दोघं लांबलांबची आहेत."

गोकाकात मी पाठ केलेलं टाइप करताना
इराण्णानं न सांगता तोंड खिडकीकडं फिरवलं.
ही एक गोष्ट कुठल्याच मेनूत चालू-बंद करता येत नाही.

पहिली भरण सात रात्री चालली.
त्यानंतर इथं आकडा बदलला की तिथं बदलतो,
अकरा सेकंदांनी. आमची लाईन एवढीच.
वाटेत कुणी वाकून पाहिलं तर भुसा दिसावा, दाणा नाही.
सुळेभावीजवळ जेसीबीनं केबल उचकटली
तेव्हा सगळ्या नोंदी इथंच रांगेत थांबल्या
आणि तिसऱ्या प्रहरी जोड बसल्यावर
आलेल्या क्रमानं निघाल्या. एकही पुढं घुसली नाही.
रेशनच्या रांगेत मी असं कधी पाहिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी परीक्षा.
"हात लावू नये" अशी चिठ्ठी ज्या स्विचवर मीच चिकटवलेली,
तो मीच पाडला.
गुणगुण थांबली. खोली एवढी मोठी आहे
हे तेव्हा कळलं.
दहा मिनिटांत गोकाक उभं राहिलं.
इराण्णानं फोनवर नुसतं "बंतु" म्हटलं, आलं.
हलगेकरांनी टाळी वाजवली.

रात्री मी नेमिनाथ चौगुलेची वही घेऊन बसले, पावती पावती लावत.
एक कमी होती.
सहा बेचाळीस, हसीना मुजावर, बांगड्यांचं दुकान, साठ रुपये.
स्विच पडला त्या अकरा सेकंदांतली.
हसीनाच्या हातात पावती होती,
गोकाकच्या हिशोबात ती बाई
अजून दुकानातून उठलीच नव्हती.

"साठच रुपये की," हलगेकर म्हणाले.
मी हातानं नोंद चढवली आणि सोमवारी तिला सांगायला गेले,
कशासाठी, माहीत नाही. कुणी विचारलं नव्हतं.
"मग होते कुठं माझे पैसे?"
"गोकाकला जाऊलालते. वाटेत होते."
गिऱ्हाइकाच्या मनगटावरून हिरवी बांगडी सरकवत,
वर न बघता ती म्हणाली,
"मग बसनं पाठवायचं की."