मापात सूट

इचलकरंजीत सव्वीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो.
तळाचं शिसं खरवडलेलं किलोचं वजन
तळहातावर घेताच ओळखायचो.
पेठेतल्या कापडवाल्याची लोखंडी गजपट्टी
मी स्वतः जप्त केली, पंचनामा लिहिला:
इंच, फूट, यार्ड,
व्यवहारात वापरणे गुन्हा.

आता मंगळवारी आणि गुरुवारी, ईरी गावात,
सरोवरावरून बर्फ जिथे आडवा येतो त्या शाळेत,
पाचवीच्या पोरांना मी तेच शिकवतो.
बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड,
चार क्वार्टचा गॅलन, सोळा औंसांचा पौंड.
जप्तीचा माल म्हातारपणी
असा गळ्यात पडतो,
स्वयंसेवकाच्या बिल्ल्यासकट.

प्रज्वल राई हळूच सांगतो,
आजोबांच्या ट्रंकेत पितळी माना आहे,
आठ मान्यांची एक पाथी.
मी म्हणतो, आमच्याकडे चार शेरांची पायली.
मिस टॅमरा म्हणतात, कागदाकडे लक्ष द्या.
आम्ही दोघं देतो.

प्रश्न सातवा. टब चाळीस गॅलनचा.
नळातून मिनिटाला तीन गॅलन येतात,
तळाच्या भोकातून एक जातो.
टब किती मिनिटांत भरेल?

डेलेनी व्रोबेलनं पेन्सिल खाली ठेवली.
"बूच का लावत नाही कुणी?"
धरून चाल, मी म्हटलं, बूच नाही.
"म्हणजे वॉशर गेलाय. माझे बाबा दहा मिनिटांत बसवतील.
ऐंशी डॉलर. ओळखीचे असाल तर साठ."
मग तिनं वीस लिहिलं, बरोबर,
आणि उत्तराखाली, बारीक अक्षरात,
बाबांचा फोन नंबर.

शेवटचा प्रश्न: स्वतः एक उदाहरण तयार करा.
बाकीच्यांनी रिबिनी कापल्या, सरबताचे जग ओतले,
एकानं नऊशे कलिंगडं विकत घेतली.
डेलेनीनं लिहिलं:

माझ्या बाबांची व्हॅन बफलोत आहे, नव्वद मैलांवर.
बर्फात ते तासाला पंचेचाळीसनं चालवतात.
शुक्रवारी साडेतीनला निघतील.
मी कोट किती वाजता घालू?

साडेपाच, मी म्हटलं.
तिनं मान हलवली.
"सव्वापाच. बुटांना वेळ लागतो."

समासात लिहायला माझ्याजवळ एक वाक्य होतं,
नोकरीत हजारदा लिहिलेलं:
माहिती अपुरी.
निघतील, हे कशावरून?
नाही लिहिलं. शिक्का तर मी कधीच परत केलाय,
हिरव्या पेननं बरोबरची खूण केली.

आज शुक्रवार.
मुलाच्या घराच्या कठड्यावर पट्टी उभी धरली,
साडेसहा इंच.
रस्त्यावर मिठाचा ट्रक तेवढा फिरतोय.
घड्याळात साडेपाच.
एवढ्या बर्फात पंचेचाळीस कोण चालवतं?
छत्तीस धरू.
म्हणजे सहा.

सून विचारते, पप्पा, खिडकीत काय मोजताय?

मी कधी कुणाला रतीभर सूट दिली नाही.
हळदवाला म्हणायचा, साहेब, वीस ग्रॅमचा तर फरक,
पासंगालासुद्धा पुरायचा नाही.
मी वीस ग्रॅमचा दंड लावला,
वर त्याचा चहाही नाकारला.

सहा वाजून दोन मिनिटं.
तीस धरतो.
साडेसहा.

शिवाय वाटेत ते कुठंतरी पेट्रोलला थांबले असतील,
ते उदाहरणात धरलंच नव्हतं.