घरघर

आमच्या तळघरात एक यंत्र आहे,
राखाडी, बुटांच्या खोक्यापेक्षा जरासं मोठं.
त्याचा पंखा बावीस वर्षं फिरतोय.
बाबाला जाऊन आज अकरा दिवस झाले.
पंख्याला कुणी सांगितलेलं नाही.

लॉइड एंगस्ट्रॉम. नौदलात रेडिओमन,
मग सिएटलच्या एका बँकेत
संगणकखोलीचा राखणदार, रात्रपाळी, सव्वीस वर्षं.
सगळं ब्रेमर्टन घरी परतत असताना
हा उलट्या दिशेची फेरी पकडायचा,
बाहेर कठड्याशी उभा राहायचा, पावसातसुद्धा.
आत जागा असायची.
"आत बसलं की माणूस प्रवासी होतो," म्हणायचा.

कॉफीचा मग त्याने कधी धुतला नाही.
आतून काळा, विहिरीसारखा.
केंट नऊ वर्षांचा असताना त्याने तो घासून लख्ख केला,
कौतुक होईल म्हणून.
बाबा दिवसभर बोलला नाही.
संध्याकाळी त्याला बोलावून दोराची एक गाठ शिकवली.
ती माफी होती,
पण कुणाची, ते आमच्यात अजून ठरलेलं नाही.

माझ्या जन्माची गोष्ट तो माझ्या वाढदिवसाला सांगायचा,
आणि दर वर्षी त्यातला समुद्र
थोडा जास्त खवळलेला असायचा.
एकाहत्तरचा मार्च. टोंकिनचं आखात. पहाटेचा पहारा.
टेलिटाइप अक्षरं ठोकत होता:
हवामान, दारूगोळ्याची मागणी,
कुणाच्या तरी बायकोला मुलगी,
सात पौंड, दोघी सुखरूप.
त्याने कागद फाडला, वेळेचा शिक्का मारला,
तीन प्रती केल्या, ट्रेमध्ये ठेवल्या.
पुढचा संदेश अर्ध्यावर आला
तेव्हा हात थांबला.
एंगस्ट्रॉम आडनावाचा
त्या विनाशिकेवर दुसरा कुणी नव्हता.

नियमाप्रमाणे आधी अधिकाऱ्याची सही हवी,
म्हणून माझ्या जन्मावर
एका लेफ्टनंटची आद्याक्षरं आहेत.
बाबाने मला पाहिलं तेव्हा मी सात महिन्यांची होते.
त्याला बघून मी भोकाड पसरलं म्हणतात.

आखातातलं बाकीचं त्याने सांगितलं नाही.
चार जुलैला फटाके सुरू झाले
की तळघरात उतरायचा, वायरींना लेबलं लावायला.
आमच्या घरात फार नीट लेबलं लावलेल्या वायरी आहेत.

शांततेत त्याला झोप येत नसे.
बोटीवर इंजिन गप्प झालं
म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं.
म्हणून ते यंत्र, झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली.
त्या आवाजापायी आईने दोनदा वेगळी खोली मागितली होती.

शेवटच्या रात्री नर्स हळूच म्हणाली,
"आता घरघर लागलीय."
आईने नुसती मान हलवली,
ओळखीचं काही ऐकल्यासारखी.

झेंड्याची तिकोनी घडी फ्रीजवर ठेवलीय.
कपाटात मावत नाही.

काल केंट खाली गेला. यंत्राशेजारी वही,
पहिल्या पानावर बाबाचं टोकदार अक्षर:
"बंद करण्याआधी मला विचारा. मी नसेन तर डोरीनला."
केंटने विचारलं नाही.
विजेचं बिल, म्हणाला.

रात्री पावणेतीनला आई स्वयंपाकघरात उभी,
दिवा न लावता, हात ओट्यावर.
"काय झालं?"
"बोट थांबलीय," ती म्हणाली.

मी चपला न घालताच खाली गेले.
स्विचवरसुद्धा लेबल होतं:
"हा नव्हे. डावीकडचा."
डावीकडचा दाबला.
पंखा आधी कण्हला, खोकला, मग लागला.
वर पलंग करकरला. आई कुशीवर वळली असणार.

त्यात एवढी वर्षं काय साठवलंय, कोण जाणे.
पासवर्ड आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.