सातवं रीळ

रक्त मीच शिजवलं.
काकवी, कुंकू, चिमूटभर कॉफी,
चकाकी यावी म्हणून दोन थेंब एरंडेल.
पुण्याहून आणलेलं बाटलीतलं रक्त
कॅमेऱ्यात सरबतासारखं दिसत होतं.
ओजस म्हणाला, मावशी, जुनं पाहिजे.
ऐंशी सालातलं रक्त.
घट्ट. खोटं आहे हे कळेल असं.

खानावळ माझी, हरिपूर रोडला.
चाळीस माणसांचा डबा ठरलेला,
रक्ताचे पैसे वेगळे.
माश्या एवढ्या आल्या
की हिरॉईन ओरडायच्या आधीच ओरडली
आणि ते त्यांनी तसंच ठेवलं.

पोरगं सत्तावीसचं.
तंबूतला सिनेमा त्यानं पाहिलेला नाही,
पण तंबूत सिनेमाचे जे जे हाल व्हायचे
ते सगळे त्याला हवेत :
पडद्यावर पावसासारखे ओरखडे,
मध्येच उडी मारणारं चित्र,
ओठ आधी, आवाज मागनं.
कॅमेरा कोरा करकरीत, पापणी न् पापणी मोजणारा.
म्हातारपण नंतर चढवायचं, कंप्युटरवर,
गॅदरिंगला पोरांच्या केसांत पावडर घालतात तसं.

गोष्ट अशी :
शेठनं हळदीच्या पेवात बाई पुरलेली.
पेव उघडलं की ती वर येते, पिवळीजर्द,
आणि ज्यांनी भाव पाडला त्यांना खाते.
मध्ये घाटावर ओल्या साडीचं गाणं,
कारण नसताना.
'कारण नसतानाच पाहिजे,' ओजस म्हणाला.

महापुरात वाचलेल्यातलं एक पेव निवडलं.
तोंड दोन हात रुंद, खाली वीस फूट
रांजणासारखा फुगत गेलेला अंधार.
लाइटवाला काठावर पाय सोडून बसलेला.
मी म्हटलं, उतरू नका असं.
आधी दिवसभर उघडं टाका,
मग दोरीनं कंदील सोडा.
कंदील जळत राहिला तर माणूस सोडा.
ओजसनं वहीत लिहून घेतलं.
संध्याकाळी कंदिलाचा शॉट झाला.
सहा वेळा फुंकर मारून विझवला.

सिनेमातला हात माझाच आहे.
ईशिताची बोटं फार नाजूक,
म्हणून मला कोपरापर्यंत हळद चोळून
तोंडाखाली बांधलेल्या फळीवर उभं केलं.
'बोटं आधी, मावशी. काठ शोधताय असं.'
मी काठ शोधला.
माती कोरडी होती, हातात सुटत होती.
'अजून थरथर.'
थरथरत नाही बाबा, मी म्हटलं,
दम संपला की हात जड होतो.
'तुम्हाला काय माहीत?'
वर कोणीतरी हसलं.
मी थरथरले.

सांगलीत एकच खेळ लागला, रात्रीचा.
माझ्या हाताला सगळ्यात जास्त शिट्ट्या.
शेजारी रुक्साना भाजीवाली,
'अगं, तुझ्या बांगड्यांचे वळ दिसतायत की!'
हात शेठच्या मानेला लागणार एवढ्यात
पडदा कडेनं करपत गेला आणि पाटी आली :
'सातवं रीळ गहाळ.
व्यवस्थापन दिलगीर आहे.'
थेटर हसून फुटलं.
तीच गंमत होती म्हणे.
तसलं रीळ काढलंच नव्हतं.
पुढं थेट गोडाऊन जळतंय आणि सगळे मेलेत.

मी पाटीपाशीच राहिले.
चौऱ्याऐंशी साल, मी नऊ वर्षांची.
सकाळी अण्णा भाकरी बांधून गेले.
शाळेतनं आले तर
अंगणात पोत्यावर निजवलेले, अंग पिवळं,
उशाशी विझलेला कंदील कुणीतरी नीट ठेवलेला.
मधलं मला कुणी दाखवलं नाही.
दिवाणजी आला, टोपी हातात घेऊन
आईला म्हणाला, शेठ दिलगीर आहेत.

परवा ओजसचा फोन.
भाग दोन काढतोय, गुऱ्हाळातला.
रक्त जास्त लागेल.
म्हटलं, सातवं रीळ कधी काढणार?
खूप हसला.
काकवी महागलीय, मी म्हटलं,
आणि भाव सांगितला.