शिरपुरात वारा भरताना

समुद्र मी एकदाच पाहिलाय, दहावीच्या सहलीत,
तोही ओहोटीत: नुसता चिखल
आणि कलंडलेला एक मचवा.
तरी तीन वर्षं झाली, समुद्रावरचा वारा
करवंद नाक्यावरच्या ह्या खोलीतून सुटतो.
खाली पंक्चरचं दुकान, वर मी.

आज गलबताचा वेग नऊ पूर्णांक दोन.
गुराबेचा सात.
परवा उलट होतं.

खऱ्या पाण्यात म्हणे लांब जहाजच जोरात जातं.
वाचलं, तसंच भरलं,
आणि आठवड्यात खाडीत एक गलबत उरलं नाही.
सगळ्यांना तीन डोलकाठ्या पाहिजेत.
दोनशे गुराबा, बैलबाजाराच्या फाटकात म्हशी अडकाव्यात तशा
एकमेकींच्या अंगावर.

मग गलबतं हलकी केली.
तर ती चिलटं झाली.
येतात, चावतात, जातात;
गुराबेच्या तोफा वळेपर्यंत समोर नुसतं पाणी.
धुळ्याच्या एकाने लिहिलं, नाव त्याचं झिपरू_तांडेल:
'ताई, सहा महिने लाकूड जमवून जहाज बांधलं.
आता त्यात बसून मार खातो.'
त्याला द्यायला माझ्याकडे
एक दशांशचिन्ह होतं, ते मी
डावीकडे उजवीकडे सरकवत राहिले.

झुलालमामा रात्री एकला आला.
केळी भरून दिल्लीला निघालेला, टायर बसला म्हणून वर.
खाटेवर बसला, पडद्याकडे बघितलं.
'या कोन्त्या गाड्या शेतस वं?'
सांगितलं सगळं. नऊ पूर्णांक दोन, सात, झिपरू.
त्याने एवढंच विचारलं:
'भरेल का रिकाम्या?'

हा रकानाच नव्हता माझ्याकडे.

'कितली पयस ते नको इचारू,' म्हणाला,
'भरेल गाडी निंघाले येळ लावस.
निंघनी, का थांबाले बी येळ लावस.'
बिजासनच्या चढावर म्हणे रिक्षावालेसुद्धा
हात दाखवून पुढे जातात.
उतारावर तेच
आपणहून कडेला होतात.
मग पायातली चप्पलही न काढता झोपला.

मी वेग दोघांचाही आठ केला.
गुराबेला वाऱ्यावर यायला चौदा सेकंद,
वळताना अर्धा जोर गेलाच म्हणून समज,
पण वारा पडला तरी ती सरकत राहील.
गलबत वाऱ्याच्या तोंडावर तिरकं चढेल,
आणि वारा पडला, की जागच्या जागी.

तीन वाजून दहा मिनिटांनी वारा भरताना
शून्य लिहिलं, पुढचे टिंब आठ राहून गेले.
अकरा मिनिटं कळलं नाही.

गलबतं होती तिथे थांबली.
गुराबा मात्र त्यांच्यामधून
आवाज न करता सरकत गेल्या, शीड लोंबतंय,
एकेक करून संपल्या.
कुणाला पळता येईना, कुणाला गाठता येईना.
झिपरूची गुराब येऊन थांबली
तिला रोज चावणाऱ्या गलबताच्या बाजूला.
तोफा पल्ल्यात होत्या. त्याने लिहिलं:
'कुठला रे?'
'चोपडा.'
'आमची मावशी तिकडचीच. लासूरची.'
मग बराच वेळ काही नाही.
मग: 'केळी काय भाव?'

टिंब आठ भरले.
पहिल्याच मिनिटाला चोपड्याने त्याचं मधलं शीड फाडलं.
सकाळपर्यंत सतरा तक्रारी, नऊ लहानांच्या, आठ मोठ्यांच्या.
इतकं जवळ कधीच आलं नव्हतं.

साडेपाचला मामा उतरला. चहा नको म्हणाला.
खिडकीत उभी राहून मी मोजलं:
इंजिन धरल्यापासून, थरथर, पहिला गिअर,
दुकानाचा बोर्ड, विजेचा खांब,
नाक्याचं वळण.

चौदा खोडलं.
एकोणीस.