वाव

वडिलांनी मला शिकवलेलं पहिलं हिब्रू अक्षर: वाव.
एक उभी रेघ, डोक्याशी जराशी वाकलेली.
म्हणाले, ही खुंटी आहे, टेम्परन्स.
आणि शब्दाला लावली की हिचा अर्थ होतो, नुसता "आणि".
आकाश आणि पृथ्वी, संध्याकाळ आणि सकाळ,
सगळं हिच्यावरच टांगलेलं.
मी सात वर्षांची. दाराबाहेर दलदलीवर धुकं,
आत आई राखेत बोटं बुडवून
वाम सोलत होती.

राजाचं डोकं उडवलं ते माझ्या जन्माआधी.
मला ते कळलं एवढ्यावरूनच
की जानेवारी सरता सरता ते एक दिवस जेवत नसत.
विचारलं तर म्हणत, पोट बरं नाही.

मग राजाचा मुलगा परत आला.
ज्यांनी मेपोल तोडून सरपण केलं होतं
त्यांनीच नवा खांब खांद्यावरून आणला.
थॅकर गिरणीवाला ओरडला, पेलिंगसाहेब, टोपी उडवा!
वडिलांनी टोपी काढली.
उडवली नाही.

दोन वर्षांनी कागद आला.
नव्या प्रार्थनापुस्तकातल्या
सगळ्याला आणि प्रत्येक गोष्टीला
निष्कपट मान्यता. खाली सहीची जागा.
पुस्तक अजून आमच्या गावात पोचलंच नव्हतं.

आई म्हणाली, एक सही, गर्शम.
तीन पोरं, आणि मायकेलमसला दशमांश येईल
तोवर पीठ पुरणार नाही.
ते बराच वेळ कागद उजेडात धरून बसले,
जसं एखादं शंकास्पद हस्तलिखित.
"नुसतं 'सगळ्याला' असतं तर
कुठेतरी अंग चोरून उभा राहिलो असतो.
पण त्यांनी 'आणि प्रत्येक गोष्टीला' घातलंय.
त्या 'आणि'त वाव नाही."

शेवटच्या रविवारी लोक गडगडाट ऐकायला आले होते.
त्यांनी उधारीची यादी वाचली.
विधवा हॉबिन्सला मेणबत्त्या, सहा.
सुताराला व्यासपीठाच्या पायरीचे चार पेन्स.
ज्याच्यावर मी उगाच रागावलो त्या पोराला, माफी.
मग किल्ली टेबलावर ठेवली
आणि मागच्या दाराने गेले,
कारण पुढच्या दारात लोक रडत होते.

पुढचा कायदा मैलांचा.
जुन्या गावापासून पाच मैलांच्या आत पाऊल नको.
कॉन्स्टेबल स्वतः साखळी घेऊन मोजत गेला,
बिचारा, त्याचा बाप्तिस्मा वडिलांनीच केलेला.
कातडं कमावणाऱ्याच्या माळ्यावर खोली मिळाली:
पाच मैल आणि चाळीस पावलं.
वास असा की पाहुणे आपोआप कमी.
मी गुरुवारी जायची, भाकरी, शाई,
आणि आईचा न बोललेला राग घेऊन.
वारा पूर्वेचा असेल तर
ते मला हाताने गप्प करत.
आमची घंटा. तिसऱ्या ठोक्याला अजून चिरकते, म्हणत,
कोणी दुरुस्त करत नाही वाटतं.

तिथे ते कोश लिहीत होते.
पाच अक्षरं झाली, सहाव्याशी अडले.
वावने सुरू होणारे शब्द हिब्रूत जवळजवळ नाहीतच.
"बघ," ते म्हणाले, खोकत, जवळजवळ आनंदाने,
"जी दुसऱ्यांना जोडत फिरते
तिच्या स्वतःच्या घरी बसायला कोणी नाही."
दुसरा कोणी अर्ध्या पानात उरकून पुढे गेला असता.
ते दोन हिवाळे तिथेच राहिले.

मेलेल्या माणसाला मैल लागू होत नाहीत.
बैलगाडीतून त्यांना परत आणलं,
मैलाचे दगड एकेक मागे टाकत, दिवसाढवळ्या.
कॉन्स्टेबलने टोपी काढली.
नवा पाद्री कोवळा होता, पांढऱ्या झग्यात थरथरत,
त्याने त्याच पुस्तकातून वाचलं, जे पुस्तक
वडिलांनी नंतर विकत घेऊन, समासात टिपा काढत,
दोनदा वाचलं होतं.
मी प्रार्थना ऐकली नाही.
मी "आणि" मोजत होते.
एकतीसनंतर चुकले.

शुक्रवारी माळा रिकामा करायला गेले.
कोट भिंतीवर होता, खिशात चीजचा वाळका तुकडा
आणि शाईची सुकलेली कांडी.
कोट काढला. खुंटीही न्यावी म्हटलं, ओढून पाहिली.
निघेना.
मालक जिन्यातून म्हणाला, राहू दे, पोरी.
पुढच्या भाडेकऱ्याला लागेल.