डावीकडे ढिलं

यामिनीचे कागदी पतंग केळीच्या पानांत अडकून फाटले,
संक्रांतीआधीच तीन.
म्हणाली, कापडाचा शिव ना.
सत्तावीस वर्षं रावेरात मशीन चालवतेय,
असलं काही कोणी शिवायला टाकलं नव्हतं.

आधी मळ्यातली पिशवी घेतली,
थंडीत घडांना घालतात ती पांढरी.
हलकी. पण फुंकर मारली
तर पलीकडे तळहाताला लागली.
मग कौसाबाईची छत्री उसवली,
दोन काड्या मोडलेली, काळी, काठाला पिवळी फुलं.

वर्तमानपत्रावर बेत काढायला बसले.
उभी कामटी एकवीस इंच, आडवी चोवीस.
छाती नाही, कंबर नाही, मुंढा नाही.
खडू नुसताच हातात.
दाबपट्टी सवयीनं जास्तच सोडली,
अंगं वाढतात, उसवायला जागा लागते.

अकरा नंबरची सुई. टोकांना कामटीपुरते खिसे.
कौसाबाई दारातून, "काय शिवू राह्यली वं?
कोनाचं पोलकं हे? बाह्या कुठी?"
"वाऱ्याचं," यामिनी म्हणाली.

रविवारी वखारीमागच्या रानात गेलो.
समोर सातपुडा, धुरकट.
पळ म्हटलं, पळाली.
छपराइतका चढला, डावीकडे कलला,
गिरकी घेऊन तुरीच्या ओळीत नाक खुपसलं.
असं पाच वेळा.
शेपटीला वेणीची रिबीन जोडली, कण्णी सोडून परत बांधली,
तरी तेच.

सहाव्यांदा दोरा माझ्या हातात होता.
थोडा वेळ, पाण्याचा हंडा भरावा इतकाच,
तो वर उभा राहिला.
आजवर कापड मी ओढत आले सुईखालून.
आज कापडानं मला ओढलं, दोन पावलं,
चप्पल ढेकळात राहिली.
मग पुन्हा डावीकडे.

मांडीवर घेऊन काठ ताणून पाहिला.
डावा तुकडा कापड वाचवायला उरेब कापलेला,
ओढला की लांबतो.
पोलक्याला मी हे मुद्दाम करते,
अंगाबरोबर झुकावं म्हणून.
इथे वारा गिऱ्हाइकासारखा सहा वेळा परत येऊन सांगत होता,
ताई, डावीकडे ढिलं होतंय,
आणि मी शेपटीच लांब करत बसले.

रात्री मापाची वही काढली.
कौसाबाई, छत्तीस, बाही नऊ, गळा मागे खोल नको.
त्याखाली लिहिलं:
वारा. डाव्या काठाला आतून नाडी, दुहेरी टीप.
द्यायचा, रविवारी.
शिलाईचा रकाना
यामिनीनं पेन्सिलीनं भरला, दोन रुपये,
आणि खोडून पाच केले.